टी-३४/८५ चे मॉडेल: पहिल्या सांध्यापासून शेवटच्या चिखलापर्यंत

पहिला रणगाडा कोणता बांधायचा असे विचारले की नवखे लोक बहुधा टायगर या जर्मन रणगाड्याचे नाव घेतात. नाव मोठे आहे, पण त्याची चाके एकात एक अडकलेल्या ओळींत बसतात. ती घासण्यात आणि प्रत्येकाची कड रंगवण्यातच उत्साह संपतो आणि डबा कपाटावर जाऊन बसतो. त्यापेक्षा टी-३४/८५ घ्या. हा सोव्हिएत रणगाडा १९४४ च्या सुरुवातीपासून कारखान्यांतून बाहेर पडू लागला. एका बाजूला पाच मोठी चाके, त्यांवरून फिरणाऱ्या पट्ट्याला वरून आधार देणारे रोलर नाहीत आणि हलचे, म्हणजे धडाचे, पत्रे सपाट. शिवाय खऱ्या गाडीचे वेल्डिंग आणि ओतकाम युद्धाच्या घाईत झालेले, त्यामुळे नवख्या हाताची थोडी खडबड त्यात खपून जाते. तामिया, अकॅडमी आणि झ्वेझ्दा या तिन्ही कंपन्यांचे १:३५ प्रमाणातले किट मिळते, त्यातले कोणतेही चालेल. १:७२ स्वस्त असले तरी सोपे नाही. त्यातले हँडल चिमट्यातून उडाले की सापडत नाही.

१:३५ म्हणजे काय, हे काम सुरू करण्याआधी डोक्यात पक्के करा. ६.१ मीटरचा हल मॉडेलमध्ये साडेसतरा सेंटीमीटर होतो. मॉडेलवरचा १ मिलिमीटर खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटर. ब्रशने टेकवलेला दोन मिलिमीटरचा "छोटासा" ओरखडा म्हणजे सात सेंटीमीटरचे भगदाड. वेदरिंगमधल्या, म्हणजे धूळ, ओरखडे, गंज दाखवण्यातल्या, निम्म्या चुका हा हिशेब विसरल्यामुळे होतात.

दुसरा हिशेब द्रावकांचा. मॉडेलवर एकावर एक सात-आठ थर चढतात. वरच्या थराच्या थिनरने खालचा थर विरघळता कामा नये. म्हणून क्रम असा ठेवायचा: सगळ्यात खाली लॅकर प्रायमर, त्यावर अॅक्रिलिक रंग, त्यावर अॅक्रिलिक वार्निश, त्यावर टर्पेंटाइनमधले ऑइल किंवा इनॅमल, मग पुन्हा अॅक्रिलिक वार्निश आणि सर्वांत वर धूळ-चिखल. पुढे कुठल्याही पायरीवर अडलात तर "खाली काय आहे आणि ते कशात विरघळते" एवढे आधी पाहा.

सामान

किट आणि रंग मुंबई-दिल्लीहून कुरिअरने मागवावे लागतात, पण बाकी बरेचसे इथेच मिळते. बारीक कानशी, टोकदार चिमटे, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल आणि ०.५ मिमीची बिट्स यांसाठी जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. हॉबीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सेटपेक्षा ही हत्यारे बहुधा स्वस्त पडतात आणि जास्त टिकतात. पाण्याचा पॉलिश पेपर ४००, ६०० आणि १००० नंबरचा हार्डवेअरमधून घ्या. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून २५ गेजची तांब्याची वायर हातभर मागून घ्या. ती जवळजवळ बरोबर अर्धा मिलिमीटर जाड असते. फेविक्विक, एम-सील आणि फेविकॉल घरात असतातच. ऑइल रंगांच्या कॅमलच्या ट्यूब स्टेशनरीत मिळतात: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, यलो ऑकर, काळा आणि पांढरा एवढ्या पाच पुरतात. रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणा.

दोन गोष्टींत काटकसर नको. एक, प्लॅस्टिक जोडायचा पातळ सिमेंट, ज्याच्या झाकणालाच बारीक ब्रश असतो. दुसरा, चांगला निपर. त्याची एक बाजू सपाट असावी.

एअरब्रश असेल तर ०.३ मिमी नोझलचा, डबल अॅक्शनवाला (हवा आणि रंग एकाच बटणाने वेगवेगळे सोडणारा), टाकी आणि पाणी अडवणारा ट्रॅप असलेल्या कॉम्प्रेसरसकट. टाकी असली की भारनियमनाची वीज गेल्यावर हातातली बाजू तरी पूर्ण करता येते. एअरब्रश नसेल तर स्प्रे कॅन आणि सपाट ब्रशवरही पहिले मॉडेल नीट होते. फक्त एनसी थिनर प्लॅस्टिकच्या जवळ आणू नका. तो पॉलिस्टायरिन सरळ वितळवतो. त्याचा उपयोग एअरब्रश धुण्यापुरता.

जोडणी

स्प्रू (ज्या चौकटींत भाग जोडून येतात त्या) कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेल राहिले तर पुढे रंग टेपबरोबर उचलला जातो.

भाग कापताना दोनदा कापायचा. पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर लांब, दुसरा जवळ, आणि उरलेले टोक ४०० च्या कागदाने घासायचे. एकाच फटक्यात चिकटून कापले तर प्लॅस्टिक ताणून पांढरे पडते आणि कधी भागातच खड्डा पडतो.

आधी हलचा खालचा भाग आणि चाकांचे दांडे. इथे घाई करू नका. दहाही दांडे एका रेषेत नसतील तर एखादे चाक हवेत राहते, आणि ते शेवटी पट्टे चढवल्यावरच कळते. सिमेंट लावल्यावर काचेवर हल ठेवा, चाके नुसती अडकवा, हल दाबून दहाही चाके टेकतात का पाहा आणि तसेच तासभर सोडा. मग चाके काढून घ्या. ती वेगळी रंगवायची आहेत. चाकांच्या कडेने गेलेली साच्याची रेघ काढण्यासाठी चाक टूथपिकवर बसवून ६०० च्या कागदावर फिरवा.

पातळ सिमेंट सांध्याच्या फटीत टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. बोट सांध्यावर असेल तर सिमेंट बोटाखाली शिरतो आणि ठसा कायमचा उमटतो. तो लगेच पुसू नका. पूर्ण दिवस वाळू द्या, मग घासा.

तोफेची नळी दोन अर्ध्यांत असेल तर सिमेंट जरा सढळ लावून अर्धे दाबा, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक सांध्यातून किंचित वर येते. चोवीस तासांनी ते कानशीने काढून १००० पर्यंत नेले की रेघ उरत नाही. लवकर घासले तर सांधा नंतर आकसतो आणि रंगाखालून पुन्हा दिसतो.

टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, मात्र कोणती रेघ काढायची आणि कोणती ठेवायची याचा विचार लागतो. टी-३४/८५ चा टरेट ओतीव पोलादाचा होता आणि ओतताना साच्याच्या भागांचा जोड खऱ्या टरेटवरही दिसायचा. किटने तो कोरलेला असेल तर राहू द्या. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमधली फट मात्र भरायची. ओतकामाची खडबड आणण्यासाठी मॉडेल पुटी सिमेंटमध्ये कालवून पातळ करा आणि जुन्या, आखूड केसांच्या ब्रशने ठोकून लावा. अर्धवट सुकल्यावर ६०० च्या कागदाने वरची टोके मोडा. हलच्या पत्र्यांवर हे करू नका. ते लाटलेले पत्रे आहेत, ओतीव नाहीत. हा फरक प्रत्यक्ष पाहायचा तर अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा, धुळे-जळगावहून जाऊन येण्यासारखे आहे. तिथे पॅटनसारख्या गाडीचे ओतीव पृष्ठभाग हाताच्या अंतरावरून पाहता येतात. मात्र तिथल्या गाड्या रंगवून ठेवलेल्या आहेत, तेव्हा वेदरिंगचा नमुना म्हणून त्यांचे फोटो वापरू नका.

या रणगाड्यावर पायदळाचे सैनिक बसून जायचे, त्यासाठी हल आणि टरेटला हँडल असत. किटमधली प्लॅस्टिकची हँडल जाड असतात आणि हाताळताना तुटतात. ती कापून ०.५ मिमीचे छिद्र पाडा आणि तांब्याची वायर वाकवून फेविक्विकने बसवा. वायरवरचे वार्निश टोकांपाशी ब्लेडने खरवडायला विसरू नका, नाहीतर चिकट धरत नाही. फेविक्विक वायरच्या टोकाला लावा, छिद्रात थेंब सोडू नका. बंद डब्यात त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बसते.

पट्टे मऊ व्हिनाइलचे असतील तर ते वरच्या बाजूला ताणून उभे राहतात. खऱ्या गाडीत वरचा पट्टा चाकांच्या पाठीवर टेकलेला असायचा. म्हणून शेवटी चाकांवर फेविक्विकचा बारीक ठिपका देऊन पट्टा दाबून धरायचा. कड्या वेगवेगळ्या असतील तर एक कडी सपाट आणि पुढची दात असलेली, असा क्रम. हे दात मागच्या चालक चाकातल्या रोलरमध्ये अडकतात. चालक चाक मागे आणि ताण देणारे पुढे. नवखे लोक इथे हमखास उलटे करतात.

प्रायमर आणि रंग

खानदेशात उन्हाळ्यात रंग मारायचा तर पहाटे उठा. दुपारी पारा ४४-४५ वर गेलेला असताना रंगाचा फवारा मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभागावर पावडर बसते. हात फिरवला की खरखरीत लागते. ही खरखर पुढे वॉश (खाचांत सोडायचा पातळ रंग) शोषून घेते आणि सगळे मॉडेल मळकट होते. उपाय तीन: सकाळी सातच्या आत काम, थिनर जास्त, आणि थिनरमध्ये पाच ते दहा टक्के रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश सुकू देणारे द्रव. कूलरसमोर तर बसूच नका. त्याच्या वाऱ्याने धूळ येते आणि दमट हवेत लॅकर वार्निश दुधाळ पडते. पावसाळ्यातही तोच धोका. ट्रॅपमधले पाणी दर अर्ध्या तासाने सोडा.

प्रायमर राखाडी, २० सेंटीमीटरवरून, दोन पातळ हात. गाड्यांच्या टच-अपचा प्रायमर वापरायचा असेल तर आधी रिकाम्या स्प्रूवर मारून पाहा; काही डबे प्लॅस्टिकला जाळी पाडतात. प्रायमर बसला की प्रत्येक राहिलेली फट दिसते. ती आत्ता भरा. एम-सील पाण्याने बोट ओले करून दाबले तर पुष्कळ गुळगुळीत बसते.

सोव्हिएत गाड्यांचा रंग ४बीओ नावाचा ऑलिव्ह हिरवा. त्याची नेमकी छटा कोणती यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. ऑलिव्ह ग्रीनमध्ये थोडा पिवळसर बफ मिसळला की डोळ्यांना पटतो. छोट्या मॉडेलवर रंग गडद दिसतो, म्हणून तो मूळापेक्षा एक पायरी फिका ठेवा. पुढचे वॉश त्याला पुन्हा गडद करणार आहेत. तामियाचा अॅक्रिलिक असेल तर हिवाळ्यात रंग आणि थिनर सारखे, एप्रिल-मेमध्ये एकास दीड. दाट साय काढलेल्या दुधाइतका झाला की बरोबर. दाब १५ ते २० पीएसआय. तामियाला त्याचाच थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. व्हॅलेहो कंपनीच्या रंगात अल्कोहोल घातले तर रंगाचा चिकट गोळा होतो आणि नोझल बंद. त्याला फक्त त्याचा थिनर किंवा पाणी.

पहिला हात मूळ रंगाचा. मग त्यातच बफचे काही थेंब घालून हलच्या वरच्या सपाट भागांच्या मध्यावर आणि टरेटच्या माथ्यावर हलका फवारा. कडा आणि खालचा भाग गडदच राहू द्या. यापलीकडचे छायाप्रकाशाचे प्रयोग दुसऱ्या मॉडेलवर.

चाकांचे रबर काळे रंगवू नका. गडद राखाडी घ्या, काळ्यात पांढरा आणि किंचित तपकिरी मिसळून. पट्ट्यांना आधी गडद तपकिरी-राखाडी. पट्टे मँगनीज पोलादाचे, चालत्या गाडीवर ते नारिंगी गंजत नाहीत. लाल-केशरी पट्टा दिसला की बनवणाऱ्याने भंगारातली गाडी पाहिली आहे असे समजावे. पुढच्या पत्र्यावर बांधलेल्या सुट्या कड्यांना मात्र गंज चालतो, कारण त्या घासल्या जात नाहीत.

डिकल

टरेटवरच्या आकड्यांची आणि घोषणांची डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची छापील चित्रे, बसवण्याआधी त्या जागी ग्लॉस वार्निशचे दोन हात. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डिकल बसले की खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमक दिसते. ती नंतर सहज काढता येत नाही.

पाणी बोअरचे नको. आपल्याकडचे जड पाणी सुकले की डिकलभोवती पांढरी कड सोडते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणा. डिकल पाण्यात दहा सेकंद, मग ओल्या टिश्यूवर मिनिटभर, आणि बोटाने सरकवून जागेवर. सॉफ्टनर लावल्यावर ते सुरकुततं. हात लावू नका, तासाभरात सपाट होते. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनच्या मोहिमेतल्या अनेक गाड्यांवर टरेटभोवती पांढरा पट्टा होता, आपल्याच विमानांनी ओळखावे म्हणून. तो डिकलने नव्हे तर ब्रशने, हात थोडा हलवत काढा. खऱ्या गाडीवरही तो ब्रशनेच ओढलेला होता.

पूर्ण मॉडेलवर आता सॅटिन किंवा ग्लॉस वार्निश मारून एक दिवस थांबा.

वॉश, ओरखडे, तेल

बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळा. ट्यूबमधून काढलेला रंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल पुठ्ठा पितो. नाहीतर वॉश आठवडाभर चिकट राहतो. एक भाग रंग, आठ ते दहा भाग टर्पेंटाइन. बारीक ब्रशने तो फक्त बोल्टभोवती, वेल्डच्या रेषेत आणि झाकणांच्या कडेला टेकवायचा. वार्निश गुळगुळीत असेल तर तो स्वतःच रेषेतून धावतो. सगळ्या गाडीवर फासायचा नाही.

थंडीत वीस मिनिटांनी कोरड्या-ओल्या ब्रशने जास्तीचा वॉश पुसता येतो. मेमध्ये पाच मिनिटांतच कड धरतो, म्हणून एका वेळी हलचा चौथा भागच घ्या. पुसताना ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली ओढा.

एक इशारा. टर्पेंटाइन उघड्या प्लॅस्टिकमध्ये, विशेषतः ताण असलेल्या सांध्यात शिरले तर प्लॅस्टिक ठिसूळ होते. चाकांचे दांडे दोन दिवसांनी आपोआप तुटलेले सापडले तर कारण हेच. म्हणून हलच्या आतून, जिथे प्रायमर नाही, तिथे वॉश वाहून जाऊ देऊ नका.

ओरखड्यांसाठी पाण्यात मिसळणारा गडद तपकिरी रंग आणि पॅकिंगमधल्या स्पंजचा फाटका तुकडा. स्पंज रंगात टेकवा, कागदावर इतका पुसा की जवळजवळ काहीच उमटत नाही, मग कडांवर टेकवा. हाताने काढायचे ओरखडे सर्वांत बारीक ब्रशने, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे नाहीत. कुठे? चालकाच्या झाकणाच्या कडेला, हँडलच्या आसपास जिथे बूट लागतात, इंजिनावरच्या पत्र्याच्या कोपऱ्यात, मडगार्डच्या पुढच्या टोकाला. टरेटच्या मध्यावर सारख्या अंतराने ठिपके दिले की गाडीला गोवर आल्यासारखा दिसतो. युद्धातल्या या गाड्या कारखान्यातून निघून बऱ्याचदा काही महिनेच टिकत. खोल गंजायला त्यांना वेळच मिळत नव्हता.

चंदेरी रंग इथे अजिबात नको. उघडे पडलेले चिलखत काही तासांत तपकिरी होते. चमक फक्त तिथे, जिथे सतत घासले जाते.

आता ऑइलचे ठिपके. यलो ऑकर, पांढरा आणि रॉ अंबर यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उभ्या पत्र्यावर द्या. सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये ओला करून नीट पुसा आणि खाली ओढत जा, ठिपका पुरता विरेपर्यंत. पावसाने खाली उतरलेल्या धुळीच्या रेघा याच. आडव्या पत्र्यावर ओढू नका, गोल फिरवत विरवा. आडव्या जागी पाणी वाहत नाही.

बाजूचे दंडगोल पिंप डिझेलचे. ते इंजिनाच्या इंधनव्यवस्थेला जोडलेले नव्हते; इंधन त्यातून काढून आतल्या टाकीत ओतावे लागे. म्हणून सांडल्याचे डाग झाकणाखाली आणि आतल्या टाकीच्या तोंडाशी दाखवा. बर्न्ट अंबरमध्ये ग्लॉस वार्निशचा थेंब मिसळला की ओलसर डाग तयार.

ऑइलला दोन दिवस द्या. मग मॅट वार्निश. हा थर वगळला तर पुढे धुळीवर सोडलेले टर्पेंटाइन आत्ताचे सगळे काम उचलून नेते.

धूळ आणि चिखल

इथे खानदेशच्या माणसाला घरबसल्या फायदा आहे. टी-३४ ज्या युक्रेनच्या मैदानातून गेले, तिथली चेर्नोझेम नावाची मातीही काळीच. आपल्या रेगूरपेक्षा, म्हणजे कपाशीच्या काळ्या मातीपेक्षा, तिची घडण वेगळी, पण डोळ्यांना जे हवे ते सारखेच: ओली असताना जवळजवळ काळी, सुकली की फिकट राखाडी-तपकिरी. पावसानंतर कपाशीच्या शेतातून डांबरी रस्त्यावर आलेला ट्रॅक्टर नीट पाहा. चाकाचा मधला भाग चिखलाने भरलेला, कड मात्र घासून साफ. मडगार्डच्या आत जाड थर, बाहेर फक्त शिंतोडे. आणि सुकलेला थर जिथे सोलून पडला, तिथे खालचा रंग स्वच्छ. तीच वाटणी रणगाड्यावर करायची: सर्वांत जास्त चिखल चाकांच्या मागे हलच्या खालच्या बाजूला आणि मागच्या पत्र्यावर, त्याहून कमी मडगार्डच्या खाली, आणि टरेटवर जवळजवळ नाही.

खरी काळी माती वापरता येते, पण नुसती नाही. ही माती सुकताना आकसते, शेतात भेगा पडतात त्याच कारणाने. मॉडेलवर जाड थर दिला तर दोन दिवसांत जाळी पडते आणि पापुद्रा सुटतो. त्यासाठी:

कोरडे ढेकूळ जुन्या खलबत्त्यात कुटा (स्वयंपाकाचा नको) आणि जुन्या ओढणीच्या कापडातून दोनदा गाळा. चिमूट बोटांत चोळून पाहा. कच लागली तर पुन्हा गाळा. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे गाडीवर पावणेदोन सेंटीमीटरचा खडा, आणि असे शेकडो खडे एकसारखे चिकटलेले खोटे दिसतात. मग लोखंडी तव्यावर दहा मिनिटे भाजा. मातीतला पालापाचोळा तसाच राहिला तर पावसाळ्यात बुरशी धरते.

दोन भाग माती, एक भाग तितकीच बारीक गाळलेली नदीची वाळू, एक भाग फेविकॉल, लागेल तसे पाणी आणि साबणाचा एक थेंब. वाळू आकसत नाही, तीच भेगा रोखते. साबणाने मिश्रण वार्निशवर गोळा न होता पसरते. थर एका वेळी एक मिलिमीटरच्या आत. जाडी हवी असेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा हात. आधी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा. फेविकॉलने माती गडद होते आणि कुठे कुठे चमकते. रंग फिका करायचा तर पांढऱ्या खडूची पूड मिसळा, चमक मॅट वार्निशने मारा.

शिंतोड्यांसाठी हेच मिश्रण वाळू न घालता पातळ करा. ताठ केसांचा ब्रश त्यात बुडवा, कागदावर बराचसा झटका, आणि टूथपिकने केस मागे ओढून सोडा. मॉडेल उभे न ठेवता आडवे धरा आणि शिंतोड्यांची दिशा खालून मागे अशी जाऊ द्या. एकाच रंगाचे शिंतोडे दिले की काम सपाट दिसते. आधी फिके, म्हणजे जुने सुकलेले; ते वाळल्यावर गडद, कमी जागेत. सर्वांत शेवटी चाकांच्या खालच्या भागात थोडे ग्लॉस घालून ओले.

धुळीसाठी महागड्या पिगमेंटच्या डब्या आवश्यक नाहीत. गेरू, पिवडी आणि खडूची पूड ओढणीतून गाळून ठेवा, सोबत कोळशाची पूड. पिवडी, खडू आणि चिमूटभर कोळसा मिळून कोरडी धूळ होते. नुसता गेरू फार लाल, तो धुराच्या नळ्यांच्या गंजासाठीही बर्न्ट अंबर मिसळूनच वापरा. पूड कोरड्या ब्रशने कोपऱ्यांत सोडा आणि वरून टर्पेंटाइनचा थेंब टेकवा. तो पसरतो आणि सुकल्यावर पूड बऱ्यापैकी धरून ठेवतो. ओले असताना रंग फार गडद दिसतो, घाबरून आणखी पूड टाकू नका. मागच्या पत्र्यावरच्या धुराच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी कोळशाची पूड कोरडीच चोळा. आतल्या बारा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा धूर जिथे लागतो, तेवढ्याच भागात.

नवख्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते: चिखल आवडला म्हणून तो वाढत जातो आणि वॉशपासून ऑइलपर्यंतचे सगळे काम गाडले जाते. एक बाजू पूर्ण करा, रात्रभर ठेवा, सकाळच्या उजेडात पाहा, मगच दुसरी.

शेवटचे हात

पट्टे आणि चाके आता कायमची बसवा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला जिथून चाकांचे रबर धावते ती पट्टी, दातांचे कडेचे भाग आणि बाहेरून जमिनीला टेकणारे उंचवटे ६बी पेन्सिलच्या शिशाने घासा. खऱ्या पोलादाची झळाळी येते ती इथे, आणि मशीनगनच्या नळीवर. यानंतर मॅट वार्निश मारू नका, शिशाची चमक मरते.

तळाला पाया हवा असेल तर लाकडी फळीवर तेच मातीचे मिश्रण, वाळू निम्मी करून, आणि पट्ट्याचा ठसा ओले असताना सुट्या कडीने उमटवून घ्या. उंच वाळलेल्या गवतासाठी रावेर-यावल भागात मिळणारे केळीच्या खोडाचे तंतू फार छान बसतात: दोन सेंटीमीटरचे तुकडे, सात-आठ एकत्र धरून फेविकॉलमध्ये बुडवून, छिद्रात रोवायचे. त्यांचा नैसर्गिक रंग पेंढ्यासारखाच असतो, हिरवे हवे तर पातळ अॅक्रिलिकचा हात.

मॉडेल पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. बंद गाडीत तर उन्हाळ्यात तासभरही नाही. तोफेची नळी आणि मडगार्ड वाकतात, व्हिनाइलचे पट्टे सैल पडतात. अॅक्रिलिकची पेटी करून घेतली तर उत्तम, पण ऑइलचे थर पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे तरी, ती बंद करू नका, नाहीतर आतून काचेवर तेलकट धुके बसते. पेटी नसेल तर महिन्यातून एकदा मऊ मेकअप ब्रशने वरून खाली, आणि टरेटवरून सुरुवात.